धुळीवरचा आळ

दादाला कारखान्यात सगळे 'रुमाल' म्हणायचे. एका खिशात रुमाल, दुसऱ्या खिशात रुमाल आणि एक कायमचा शिलाई मशीनच्या मुठीला बांधलेला. "नाक वाहतं म्हणून रुमाल बाळगतोस, की रुमाल आहेत म्हणून नाक वाहू देतोस?" असं मालक विचारायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे. दादाही हसायचा. हसला की त्याला खोकला यायचा, आणि खोकला आला की पुन्हा रुमाल.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने बांधून देणं हे त्याचं काम. रस्त्याच्या टोकाला, टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या छपराचा लांबच लांब कारखाना. आत शिरलं की दोन्ही बाजूंना खुर्च्यांचे नुसते सांगाडे. दादा ओठांत बारीक खिळे धरायचा, चुंबकाच्या हातोडीने एकेक उचलायचा आणि ठोकायचा. त्यामुळे त्याला काही विचारलं तर निम्मं उत्तर हुंकारात मिळायचं. पण त्याचा जीव ठोकण्यात नव्हता, उसवण्यात होता. जुनं कापड फाडलं की आतून काथ्या, कापूस, घोड्याचे केस, कुणाचा कंगवा, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी निघाली होती. तिथे दादा थांबायचा. आतली शिवण बोटाने चाचपायचा आणि सांगायचा, "हा कारागीर डावखुरा होता." नाही तर, "ह्याने पाठीकडची बाजू रागात शिवली आहे. मालकाशी वाजलं असणार." खरं-खोटं तपासायला तो कारागीर थोडाच येणार होता! पण मला पटायचं.

उसवताना जी धूळ उडायची ती विचारू नका. त्या कारखान्यात खोकल्याला कुणी आजार समजत नसे. नवा माणूस पहिल्यांदा ठसकला की बाकीचे म्हणायचे, "चला, आता हा आपला झाला," आणि मालक सगळ्यांना चहा मागवायचे. अशा ठिकाणी एकाचा खोकला जरा जास्त आहे हे कुणाच्या लक्षात येणार? सगळेच खोकतात, त्यात दादाही खोकतो, संपला विषय.

दादाचा विषय मात्र संपता संपत नव्हता. आधी गालांची हाडं ठणकायची, कपाळ जड व्हायचं, नाकातून घट्ट पिवळं यायचं. मग कान फुटायचा. चाळिशीतल्या बाप्याचा कान तान्ह्या मुलासारखा फुटू शकतो, हे मी दादाकडे बघून शिकले. मग ते सगळं छातीत उतरायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की गडी ताजातवाना, पाकीट संपलं की ये रे माझ्या मागल्या. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. दादाचं जायचं ते फक्त कोपऱ्यावर जाऊन उभं राहायला. मधूनच पोट बिघडायचं ते आठवडेच्या आठवडे, आणि वहिनी त्याच्या पँटी कंबरेत आत घेत बसायची.

मी एका शाळेच्या कचेरीत काम करते. दिवसभर आजारपणाच्या चिठ्ठ्या वाचून वाचून माझा स्वभाव संशयी झाला आहे. माझ्या लेखी आजार दोनच प्रकारचे, एक खरा आणि एक परीक्षेच्या दिवशीचा. दादाचा कशातच बसेना. कालपर्यंत एकटा सोफा उचलणारा माणूस आज पांघरुणात कुडकुडतोय, आणि चार दिवसांनी पुन्हा सोफा उचलतोय. बरं, आजार तरी एका जागी राहावा! कानाचं औषध चालू असताना पोट, पोटाचं चालू असताना छाती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणावं, तर इथे म्हैस कुठली आणि पखाल कुठली हेच कळेना.

घरात प्रत्येकाने आपापला गुन्हेगार ठरवून टाकला होता. आईच्या मते ओलं डोकं. "लहानपणापासून डोकं पुसत नाही हा. मी मेले सांगून सांगून." वहिनीच्या मते धूळ. वहिनी मुळात टापटिपीची. तिच्या घरात धुळीचा कण दिसला तर तो पाहुणा आलेला असतो. ती दादाला दारातच थांबवायची, सदरा काढून झटकायला लावायची, मग आत घ्यायची. अख्ख्या जिन्याने माझ्या भावाला रोज संध्याकाळी बनियनवर पाहिलेलं आहे. खालच्या काकू तर म्हणायच्या, "तो वर गेला की समजायचं, स्वयंपाकाची वेळ झाली."

डॉक्टरांचंही तेच. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" दादा म्हणाला, "जुने सोफे उसवतो." "मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. कानाच्या डॉक्टरांना नाकातलं हाड वाकडं दिसलं. पोटाच्या डॉक्टरांनी काळजी करू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे वहिनीला जास्तच काळजी वाटायला लागली. एकदा कुठलीशी साथ आली होती आणि दादा तापाने फणफणला होता, तेव्हा रक्तात त्या साथीची खूण सापडते का ते बघितलं. काहीच खूण नाही. "ह्यांना ते झालेलंच नाही," असं ते डॉक्टर म्हणाले. "मग हे काय आहे?" वहिनीने दादाकडे बोट दाखवून विचारलं. दादा तेव्हा खुर्चीत दातांवर दात आपटत बसला होता. डॉक्टर म्हणाले, "दुसरं काहीतरी असेल." एवढं तर आम्हालाही कळत होतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्याचं काम त्यालाच सांगायचं, दुसऱ्याच्या कामातलं बोलून समोरच्याचा वेळ खायचा नाही. "सुताराला नळाचं सांगतो का आपण?" असं दादा म्हणायचा. त्यामुळे कानाच्या डॉक्टरांकडे फक्त कान, छातीच्यांकडे फक्त छाती, आणि पोटाच्या डॉक्टरांना तर ह्या माणसाला कान आहेत हेसुद्धा माहीत नसेल. आम्हाला ते सभ्यपणाचं वाटायचं. तिन्ही दवाखाने एकाच रस्त्यावर होते, पण आमच्यामुळे त्यांची एकमेकांशी ओळख झाली नाही.

मग एका थंडीत दादाला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्यांदा घरी आला तेव्हा जिना चढताना त्याला प्रत्येक वळणावर पायरीवर बसावं लागलं. त्या संध्याकाळी वहिनी माझ्याशी ओट्यापाशी उभी राहून बोलली. "हे झोपले की मी ह्यांचा श्वास ऐकत राहते. शिट्टी वाजल्यासारखा येतो. ऐकू आला नाही तर मला भीती वाटते आणि ऐकू आला तरी भीती वाटते. तो कारखाना ह्यांना खाणार हो." आणि तिने ठरवलं. दादाला म्हणाली, "ह्यापुढे तिथे जायचं असेल तर मला विचारू नका, आणि परत यायचं असेल तरी विचारू नका."

तिसऱ्या दिवशी दादाने मालकांना जाऊन सांगितलं, काम सोडतोय म्हणून. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. दादा म्हणाला, धूळ गेली असेल.

वहिनीच्या भावाच्या ओळखीने त्याला सोफ्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये काम मिळालं. काचेच्या भिंती, थंडगार हवा, फरशीत तोंड दिसेल अशी सफाई. इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकांना सोफे दाखवायचे. दादा त्या कामात किती वाईट होता हे सांगायला हवं. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं की हा शेजारी बसायचा, हाताने गादी दाबायचा, आतली स्प्रिंग ऐकल्यासारखी मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "घेऊ नका. वर्षात बसेल हा." मॅनेजर काचेपलीकडून बघत राहायचा. मी एकदा भेटायला गेले तेव्हा दादा एका उलट्या केलेल्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "ह्यात उसवण्यासारखं काहीच नाही गं. सगळं चिकटवलेलं आहे." एवढा उदास मी त्याला तापातसुद्धा पाहिला नव्हता.

पण वहिनी खूश होती. धूळ गेली, आता दुखणं जाईल.

दुखणं कशाला जातंय! शोरूममध्ये लागून वर्ष व्हायच्या आतच पुन्हा गाल ठणकले, कान फुटला आणि तिसरा न्यूमोनिया झाला. दादा त्या लखलखीत फरशीवर गिऱ्हाइकासमोरच खाली बसला. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा वहिनीने मला चक्रावून टाकलं. ती आधी दादाकडे गेलीच नाही. तिने काचेवरून बोट फिरवलं, मग एका सोफ्याच्या मागून, मग टेबलाखालून, आणि ते बोट डोळ्यांपुढे धरून बघत राहिली. बोट स्वच्छ होतं. "मग कशाने?" ती मला म्हणाली. मला काय माहीत! मीच तिला विचारणार होते.

कानाच्या डॉक्टरांनी आता नाकाची शस्त्रक्रिया करायची ठरवली. तेवढं हाड सरळ केलं आणि आतलं साफ केलं की सुटाल, म्हणाले. त्याआधी रक्तगट तपासायचा, वेळ पडली तर रक्त हाताशी असलेलं बरं. साधी गोष्ट. दादाच्या कारखान्यातल्या ओळखपत्रावर 'ओ' लिहिलेलं होतंच.

तपासणीच्या खोलीतल्या बाईंचा फोन आला, "परत या, नमुना बिघडला." परत गेलो. पुन्हा फोन, पुन्हा या. ह्या खेपेला त्यांनी दुसऱ्या हातातून रक्त घेतलं आणि आमच्याकडे अशा बघायला लागल्या की जणू आम्हीच काहीतरी गडबड केली आहे. "तुम्हाला लहानपणी कुणाचं रक्त चढवलं होतं का? जुळं भावंड आहे का? मधल्या काळात काही मोठी शस्त्रक्रिया?" दादा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेला. आई आणि वहिनीही बरोबर होत्या. आई भडकली. "हा माझाच मुलगा आहे! संशय असेल तर मला टोचा."

"तसं नाही हो आजी," बाई वैतागून म्हणाल्या. "पुढून ओ येतंय आणि मागून एबी. एका माणसाचे दोन गट कसे लिहू मी?"

रक्ताला मागची बाजू असते हे मला ठाऊक नव्हतं. दादाला मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "मागची बाजू बघितल्याशिवाय काम कळतच नाही."

बाईंनी शेवटी आतून रक्ताच्या डॉक्टरांना बोलावलं. ह्या डॉक्टरीणबाई बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि घाई अजिबात नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि आमच्यासमोर बसल्या. त्यांनी समजावलं ते असं. रक्तगट दोन रीतींनी बघतात. एक, रक्तातल्या लाल पेशी बघून. दुसरी, म्हणजे मागची, पेशी खाली बसल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते बघून. ओ गटाच्या माणसाच्या त्या पाण्यात दुसऱ्या गटांवर धावून जाणारे पहारेकरी असतात, जन्मभर असतात. एबी गटाच्या पाण्यात ते नसतात. दादाच्या पाण्यात ते नव्हतेच. कुणी धावूनच गेलं नाही, म्हणून मागून एबीसारखं दिसलं.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही वरचेवर आजारी पडता का?"

दादा त्याच्या रीतीप्रमाणे म्हणाला, "नाकाचं आहे थोडं. त्यासाठीच आलोय."

"थोडं?" वहिनी उसळली. "तीन न्यूमोनिया झालेत ह्यांना!" आई म्हणाली, "कान वाहतो, दर थंडीत." मी म्हटलं, "पोट. महिनोन्महिने." मग वहिनीला साथीचा ताप आठवला, आईला लहानपणची गळवं आठवली, मला औषध संपलं की पुन्हा सुरू होणं आठवलं. आम्ही तिघी एकमेकींचं बोलणं तोडत होतो आणि दादा मधे बसून प्रत्येकीकडे असा बघत होता, की ह्या कुणाबद्दल बोलताहेत. माझ्याही मनात तेच आलं. सगळं एका खोलीत, एका माणसासमोर, एका दमात आम्ही आधी कधी बोललोच नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला. "हे सगळं तुम्ही कुणा एकाला सांगितलं होतं का?"

"कानाच्या डॉक्टरांना पोटाचं कशाला सांगायचं?" वहिनी हळूच म्हणाली.

शस्त्रक्रिया राहिली बाजूला. आम्हाला मोठ्या रुग्णालयात प्रतिकारशक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रक्तातले ते पहारेकरी मोजले. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, आणि दादाच्या रक्तात ती जवळजवळ नव्हतीच. मग एक लस टोचली, काही आठवडे थांबले आणि पुन्हा मोजली. कुणाचंही शरीर लस घेतली की खडबडून उठतं, दादाचं ढिम्म. साथीची खूण का सापडली नव्हती तेही तेव्हा कळलं. साथ येऊन गेली होती, पण खूण ठेवणारंच रक्तात कुणी नव्हतं. नाक, कान, छाती, पोट, सगळ्यांचा चोर एकच निघाला. आम्ही इतकी वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

आजाराचं नाव कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशिअन्सी. डॉक्टर म्हणाले, फार दुर्मिळ आहे. आईने मला कोपराने ढोसलं. "कॉमन म्हणजे सर्वसाधारण ना गं? मग दुर्मिळ कसा?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ह्या दुर्मिळ आजारांमध्ये तो त्यातल्या त्यात सर्वसाधारण." आईने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "मला काही कळलं नाही."

"पण हा झाला कशाने?" वहिनीने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक वेळा सांगता येत नाही."

"धुळीने?"

"नाही. धुळीचा काही संबंध नाही."

"ओल्या डोक्याने?" हे आईने विचारलं. त्याचाही नव्हता. दोघींचे चेहरे उतरले. गुन्हेगार हातचा गेला की किती मोकळं मोकळं आणि भकास वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

उपचार सुरू झाले. रक्तदान करणाऱ्या असंख्य लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं गोळा करून ती सलाईनमधून द्यायची, दर महिन्याला, जन्मभर. पहिले काही महिने आम्ही दादाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. एक थंडी आली आणि गेली. गाल ठणकले नाहीत. कान कोरडा. पँटी पुन्हा कंबरेत सोडाव्या लागल्या. बरं वाटायला लागल्यावर दादाच जास्त गोंधळला. सकाळी उठून बसायचा आणि म्हणायचा, "काहीच दुखत नाहीये. हे असं असतं का तुम्हा लोकांचं? रोज?"

मग पुढच्या तपासणीच्या वेळी, मी, वहिनी आणि तो डॉक्टरांसमोर बसलेले असताना, त्याने विचारलं. विचारण्याआधी त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. "मग आता कारखान्यात परत जाऊ ना? धुळीचा संबंध नव्हता म्हणालात."

डॉक्टरांनी छातीचा फोटो पडद्यावर लावला आणि पेनाने दाखवायला लागले. "ह्या श्वासाच्या नळ्या बघा. इतकी वर्षं पुन्हा पुन्हा पू झाला, सूज आली. त्या रुंद झाल्यात, सैल पडल्यात. ते आता भरून येत नाही. कापड बेता, शिवा, नवं काम करा. पण जुना माल उसवणं नाही. त्यातली धूळ, बुरशी ह्या फुप्फुसांना सोसणार नाही."

"तुम्हीच म्हणालात, धुळीने झालं नाही," वहिनी म्हणाली.

"धुळीने झालं नाही. पण आता धुळीने होईल."

मला वाटलं वहिनी सुटकेचा श्वास टाकेल. ती उलट खुर्चीत पुढे सरकली. "तोंडाला बांधलं तर? मी दोन पदरी शिवून देते. तीन पदरी देते. उघड्यावर, अंगणात बसून करतील. आठवड्यातून एकदाच करतील. अहो डॉक्टर, ह्यांचा जीव आहे हो त्या कामात!" ती डॉक्टरांशी भांडत होती. जिने ह्या माणसाला दारात उभं करून झटकलं, तीच आता त्याच्यासाठी मूठभर धूळ मागत होती. डॉक्टर मान हलवत राहिले. नाहीच.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ती बसली आणि तिचा बांध फुटला. "मी तुम्हाला उगाच काढलं तिथून. तेव्हा काढलं नसतं तर तेवढे दिवस तरी मिळाले असते तुम्हाला."

दादा तिच्या शेजारी बसला. "अगं, तू बरोबर होतीस."

"नव्हते! त्यांनी तोंडावर सांगितलं ना, धुळीने नाही म्हणून!"

"तेव्हा नव्हतीस," दादा म्हणाला. "आता आहेस."

वहिनीने त्याच्या शर्टाची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर मोठमोठ्याने रडायला लागली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि त्याचेही डोळे वाहत होते.